सोन्याच्या वर्खावरचा निष्कांचन

मध्ययुगीन युरोपातल्या चित्रकाराला संताचा चेहरा प्रत्यक्षात कसा होता हे ठाऊक नसे, आणि ते ठाऊक नसल्याचे त्याला फारसे दुःखही नसे. हजार वर्षांपूर्वी हौतात्म्य पत्करलेल्या एखाद्या कुमारिकेचे चित्र काढायचे, तर चेहरा कोणाचाही चालत असे. ओळख पटायची ती जवळच्या वस्तूवरून. दातेरी चाक दिसले की ती अलेक्झांड्रियाची कॅथरीन. तबकात दोन डोळे घेऊन उभी असेल तर लूसी. लोखंडी जाळी घेतलेला तरुण म्हणजे लॉरेन्स, कारण त्याला जाळीवर भाजून मारले अशी कथा आहे. सुरी घेतलेला बार्थोलोम्यू, किल्ल्या घेतलेला पीटर. आपल्या मूर्तिशास्त्रात ज्यांना आयुधे आणि लांछने म्हणतात, तसाच हा प्रकार. एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. इथे पुष्कळदा ज्या साधनाने संताचा छळ झाला, तेच साधन त्याच्या हाती मानाने दिलेले असते.

ही चित्रे पाहायची नसून वाचायची असत. इसवी सन ६००च्या सुमारास मार्सेयच्या सेरेनस नावाच्या बिशपने आपल्या चर्चमधली चित्रे फोडून टाकली, कारण लोक त्यांची पूजा करू लागले होते. त्या वेळचे पोप पहिले ग्रेगरी यांनी त्याला पत्रे लिहून समज दिली. चित्रांची पूजा होऊ नये हे ठीक, पण ती फोडण्याचे कारण नाही. ज्याला अक्षर येते त्याच्यासाठी ग्रंथ आहे, ज्याला येत नाही त्याच्यासाठी चित्र आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढची हजार वर्षे पाश्चात्त्य चर्च आपल्या चित्रांचे समर्थन याच शब्दांत करीत आले.

जुन्या संतांच्या बाबतीत ही लिपी ठरून गेलेली होती. पण तेराव्या शतकात असा एक संत झाला, की ज्याला पाहिलेली, ज्याच्याबरोबर भाकरी खाल्लेली माणसे चित्र काढले जात असताना जिवंत होती. त्याच्या हातात काय द्यायचे? त्याची खूण कोणती? आणि ती ठरवायची कोणी? हा संत म्हणजे असिसीचा फ्रान्सिस. त्याच्या मृत्यूनंतरच्या शंभर वर्षांत त्याची जी चित्रे झाली, ती ओळीने लावून पाहिली तर या प्रश्नांवरून झालेली ओढाताण स्पष्ट दिसते.

फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म ११८१ किंवा ११८२चा. ऐन तारुण्यात त्याने घरदार सोडले. बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या स्वाधीन केले, ही कथा प्रसिद्धच आहे. त्याच्याभोवती जमलेल्यांना ‘धाकटे बंधू’ असे नाव मिळाले. त्यांनी पैशाला हात लावू नये, असा त्याचा नियम होता. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला आणि दोनच वर्षांत, १६ जुलै १२२८ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. दुसऱ्या दिवशी असिसीत त्याच्या नावाच्या भव्य चर्चची पायाभरणी झाली. ज्याने आपल्या बंधूंना स्वतःच्या मालकीचे छप्परही असू दिले नाही, त्याचे थडगे असलेले हे चर्च इटलीतल्या सर्वांत श्रीमंत सजावटीच्या वास्तूंपैकी एक व्हावे, या विसंगतीची सुरुवात इथूनच होते.

त्याचे सर्वांत जुने मानले जाणारे चित्र मात्र असिसीत नाही. ते रोमच्या पूर्वेला सुबियाको इथे, बेनेडिक्टपंथी मठातल्या एका लहानशा प्रार्थनाघराच्या भिंतीवर आहे. १२२८च्या आसपासचे ते असावे. डोक्यावर टोकदार टोपडे, अंगात झगा, कमरेला दोरी, हातात शांतीचे वचन लिहिलेली पट्टी. बाजूला नाव लिहिले आहे ते ‘बंधू फ्रान्सिस’ एवढेच. ‘संत’ हा शब्द नाही. डोक्यामागे प्रभावळ नाही, हातापायांवर जखमा नाहीत. एक शांत, थोडासा थकलेला माणूस आपल्याकडे पाहत उभा आहे. मला स्वतःला त्याच्या सगळ्या चित्रांमध्ये हे चित्र अधिक विश्वासार्ह वाटते. अर्थात हा भावनेचा भाग झाला.

यानंतर अवघ्या काही वर्षांनी चित्र पालटते. तस्कनी प्रांतातल्या पेश्या या गावी फ्रान्सिसच्या नावाच्या चर्चमध्ये एक लाकडी फलक आहे. त्यावर बोनाव्हेंतुरा बेर्लिंगिएरी या लुक्काच्या चित्रकाराची सही आहे आणि १२३५ हे साल आहे. म्हणजे फ्रान्सिस जाऊन जेमतेम नऊ वर्षे झालेली. मध्यभागी संत उभा आहे: उंच, कृश, ताठ, डोळे खोल गेलेले. डाव्या-उजव्या बाजूंना तीन-तीन छोटी चित्रे आहेत. त्यांतल्या एकात तो पाखरांना उपदेश करतो, एकात त्याला देवदूताचे दर्शन होते, उरलेल्या चारांत रोगी बरे होतात. ही मांडणी बायझंटाइन परंपरेतली. सिनाईच्या वाळवंटातल्या सेंट कॅथरीन मठात निकोलससारख्या प्राचीन संतांच्या अशा प्रतिमा आजही आहेत. कालपरवापर्यंत रस्त्यावर भीक मागणाऱ्या माणसाला शतकानुशतके पूजिल्या गेलेल्या संतांच्या चौकटीत बसवणे, हेच मोठे विधान होते.

गंमत अशी की, या चित्रकाराला हवे असते तर फ्रान्सिसचे खरे वर्णन मिळू शकले असते. थॉमस चेलानो या बंधूने १२२८-२९मध्ये लिहिलेल्या चरित्रात ते आहे. ठेंगणेपणाकडे झुकणारी मध्यम उंची, काळे डोळे, लहान कान, काळी आणि फारशी दाट नसलेली दाढी, असे ते वर्णन. पेश्याचा फ्रान्सिस ठेंगणा नाही. त्या शैलीत संत ठेंगणा असूच शकत नव्हता. शरीर लांबवायचे, झग्याच्या चुण्या सरळ रेघांनी दाखवायच्या, चेहरा समोरून काढायचा, म्हणजे माणसाचे वजन नाहीसे होते आणि तो जमिनीवर उभा आहे असे वाटत नाही. तो उभा असतो सोन्यात.

या सोन्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४००च्या सुमारास आपल्या कलेचे एक हस्तपुस्तक लिहिले. आपली गुरुपरंपरा तो थेट जॉत्तोपर्यंत नेऊन भिडवतो. त्याच्या पुस्तकावरून असा फलक कसा तयार होत असे ते कळते. पॉप्लरच्या फळ्यांवर जिप्समची भुकटी आणि सरस यांचे थरावर थर द्यायचे, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे, त्यावर तांबड्या मातीचा हात द्यायचा आणि मग सोन्याचा वर्ख बसवायचा. हा वर्ख चकाकण्यासाठी गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटत. सोन्याचे एक नाणे ठोकून शंभरच वर्ख काढावेत, पण हे लोक एकशे पंचेचाळीस काढतात, अशी चेन्निनीची तक्रार आहे. रंग अंड्याच्या बलकात कालवायचे. त्यातही तरुण चेहऱ्यासाठी शहरी कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक आणि म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यासाठी गावठी कोंबडीचा गडद बलक वापरावा, असा त्याचा सल्ला आहे. कातडीच्या रंगाखाली हिरव्या मातीचा थर असे. वरचा गुलाबी थर झिजला की तो हिरवा उघडा पडतो. म्हणून आज आपल्याला ही मंडळी आजारी असल्यासारखी दिसतात.

निळा रंग सर्वांत महाग. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या लाजवर्दाचा. युरोपात त्याचे नावच ‘समुद्रापलीकडचा’ असे पडले. तो सहसा मरियेच्या अंगरख्याला मिळे. फ्रान्सिसच्या झग्याला न रंगवलेल्या लोकरीचा मातकट रंग हवा, आणि असा रंग काव, पिवडी, काजळी यांच्यासारख्या स्वस्त द्रव्यांतून सहज साधे. म्हणजे चित्रातही कपडा गरिबाचाच राहिला. पण त्याच्या मागे मात्र, ज्याला हात लावू नये असे तो सांगत असे, ते नाण्याचे सोने ठोकून पसरलेले.

त्या काळच्या भाविकाला यात विसंगती वाटली नसावी. सोने हा त्याच्या लेखी पैसा नव्हता, तो प्रकाश होता. चर्चमध्ये अंधार असे, मेणबत्त्यांची ज्योत हलली की घोटलेला वर्ख हलतो आणि पुढची आकृती श्वास घेत असल्यासारखी भासते. सोने म्हणजे जिथे सावली पडत नाही ती जागा, स्वर्ग. संग्रहालयातल्या पांढऱ्या दिव्यांखाली आपण ही चित्रे पाहतो तेव्हा त्यांचे अर्धे काम बंद पडलेले असते.

आता त्या जखमांकडे येऊ. १२२४च्या सप्टेंबरमध्ये ला व्हेर्ना डोंगरावर फ्रान्सिसला सहा पंखांच्या देवदूताचे दर्शन झाले आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या जखमांसारखी पंचक्षते त्याच्या अंगावर उमटली, अशी श्रद्धा आहे. तो हयात असताना ही गोष्ट झाकून ठेवलेली होती. संतपदाच्या घोषणापत्रात तिचा उल्लेखही नाही. असा प्रकार यापूर्वी कोणा संताबाबत सर्वमान्य झालेला नव्हता, त्यामुळे अनेकांना तो अतिरेक वाटला. ख्रिस्ताच्या जखमा ख्रिस्ताच्याच. फ्रान्सिसला किंवा दुसऱ्या कोणाला त्या जखमांसह रंगवू नये, असे मोराव्हियातल्या ओलोमोउत्सच्या बिशपने जाहीर केले. १२३७मध्ये पोपना त्याला कडक पत्र लिहावे लागले. ध्यानात घ्या, भांडण थेट येऊन ठेपले होते ते चित्रावर. जखम रंगवायची की नाही, यावर या संताचे स्थान ठरणार होते.

याच थॉमस चेलानोने पुढे फ्रान्सिसच्या चमत्कारांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात रोममधल्या एका कुलीन स्त्रीची कथा येते. तिच्या घरी फ्रान्सिसचे चित्र होते आणि त्यात पंचक्षते नव्हती. तिला त्याची खंत वाटे. एके दिवशी तिला ती चित्रात उमटलेली दिसली. तिने मुलीला बोलावून विचारले, तेव्हा मुलीनेही आधी ती नव्हती म्हणून सांगितले. मग तिचेच मन खाऊ लागले: आधीपासूनच असतील, आपल्याच नजरेतून सुटली असतील. तेव्हा जखमा पुन्हा नाहीशा झाल्या, म्हणजे पहिला चमत्कार खराच होता हे सिद्ध झाले. या कथेवर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल वेगळेच आहे. जखमांची आणि बिनजखमांची, अशी दोन्ही प्रकारची चित्रे तेव्हा लोकांच्या घरांत होती आणि बिनजखमांचे चित्र अपुरे वाटू लागले होते, हे ती आपल्याला नकळत सांगून जाते. शेवटी जखमा जिंकल्या. कॅथरीनला जसे चाक, तशी फ्रान्सिसला पंचक्षते. कमरेच्या दोरीला तीन गाठी, म्हणजे निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते, असाही अर्थ रूढ झाला.

फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या मध्याचा एक मोठा फलक आहे. चित्रकार अज्ञात. मध्ये फ्रान्सिस आणि कडेने तब्बल वीस प्रसंग. शैली पेश्याच्या फलकाचीच, बाहुल्यांसारखी माणसे, खेळण्यांसारखी घरे. पण वीस प्रसंगांना जागा असल्यामुळे पुष्कळ काही त्यात आले आहे. बापाच्या हातून सुटका आहे, कपडे उतरवणे आहे, आणि एका चौकटीत फ्रान्सिस कुष्ठरोग्यांची सेवा करतो आहे, त्यांचे पाय धुतो आहे. हा प्रसंग साधा नव्हे. मृत्यूपूर्वी लिहविलेल्या आपल्या अखेरच्या निवेदनात फ्रान्सिसने स्वतःच्या पालटाची सुरुवात सांगितली आहे ती देवदूतापासून नाही, की पाखरांपासून नाही, तर कुष्ठरोग्यांपासून. ज्यांच्याकडे पाहणेही नकोसे वाटे, त्यांच्यात जाऊन राहिल्यावर आपण बदललो, असे तो सांगतो.

इकडे पंथ वाढत होता. मठ, पाठशाळा, विद्यापीठांतल्या जागा, देणग्या. बोनाव्हेंचर हा विद्वान १२५७मध्ये पंथाचा प्रमुख झाला. त्याने नवे चरित्र लिहिले आणि १२६३मध्ये ते मान्य झाले. १२६६मध्ये पॅरिसच्या सभेत ठराव झाला की, आधीची सगळी चरित्रे नष्ट करावीत. संताचे चरित्र एकच असावे, भांडणाला जागा उरू नये, हा हेतू. हुकूम बराचसा पाळला गेला. चेलानोच्या पोथ्या वाचल्या त्या मुख्यतः इतर पंथांच्या मठांत. त्याने मधल्या काळात लिहिलेले एक छोटे चरित्र तर तळहाताएवढ्या पोथीत दडून होते. ते सापडल्याचे फ्रेंच संशोधक जाक दालारँ यांनी २०१५मध्ये जाहीर केले. सांता क्रोचेचा फलक मात्र कोणी जाळला नाही. चरित्रे नष्ट करा असे ठरावात होते, आणि हेही एक चरित्रच आहे हे कोणाच्या ध्यानात आले नसावे, किंवा आले तरी हात धजावला नसावा.

तेराव्या शतकाच्या अखेरीस असिसीच्या वरच्या चर्चमध्ये फ्रान्सिसच्या आयुष्यातले अठ्ठावीस प्रसंग भिंतींवर रंगवले गेले. आधार बोनाव्हेंचरच्या ग्रंथाचा. ही चित्रे जॉत्तोची की रोमहून आलेल्या दुसऱ्या कोणाची, हा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही. चित्रकार कोणीही असो, इथे चित्रकला बदलली. पहिल्याच चित्रात असिसीच्या चौकातले मिनर्व्हाचे रोमन मंदिर आहे. ते आजही तिथे उभे आहे. फक्त सहा खांबांचे चित्रकाराने पाच केले. ग्रेच्चोच्या नाताळाच्या प्रसंगात तर एक लाकडी क्रूस चक्क मागच्या बाजूने दाखवला आहे, आडव्या पट्ट्यांसह. माणसांना वजन आहे, पाठी आहेत, कुतूहल आहे. दारात बायका गर्दी करून वाकून पाहत आहेत. मागे आता सोने नाही, निळे आकाश आहे. फ्रान्सिस सोन्यातून उतरून गावात आला. युरोपातल्या चित्रकलेच्या इतिहासात हा फार मोठा क्षण मानतात, आणि ते खरेच आहे.

पण या अठ्ठावीस प्रसंगांत कुष्ठरोगी कुठेच नाहीत. बोनाव्हेंचरच्या ग्रंथात ते आहेत, भिंतीवर नाहीत. इटलीच्या इतिहासकार क्यारा फ्रुगोनी यांनी या गाळलेल्या जागेकडे आवर्जून लक्ष वेधले. पोप, कार्डिनल, राजघराण्यांतले यात्रेकरू जिथे येत, त्या चर्चमध्ये काय दाखवायचे हे कोणी तरी ठरवले. १२८८मध्ये याच पंथातला माणूस पहिल्यांदा पोप झाला होता. अशा वेळी स्वप्ने, पोपची मान्यता, सुलतानाची भेट, पंचक्षतांची तपासणी हे प्रसंग सोयीचे होते. कुष्ठरोगी नव्हते. मागची पार्श्वभूमी जितकी खऱ्यासारखी झाली, तितका संत खऱ्यापासून थोडा दूर नेला गेला, असे माझे मत आहे.

यात केवळ चित्रांचा प्रश्न नव्हता. निर्धनतेचा नियम कडकपणे पाळावा म्हणणाऱ्या बंधूंचा एक गट होता. आखूड, ठिगळांचा झगा घालण्याचा त्यांचा आग्रह असे. कोठारे भरून ठेवायला त्यांचा विरोध असे. पोप बाविसावे जॉन यांनी त्यांना झग्याबाबत आणि कोठारांबाबत वरिष्ठांची आज्ञा पाळायला सांगितले. चौघांनी मानले नाही. ७ मे १३१८ रोजी मार्सेयमध्ये त्या चौघांना जिवंत जाळण्यात आले. चित्रातला झगा किती लांब आणि किती नीटनेटका, हे त्या काळी जिवावर बेतणारे होते, ते असे.

खुणा मात्र टिकल्या आणि दूरवर गेल्या. हे बंधू १५१७मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची आजची इमारत १६६१ची, दरवाजा त्याहून जुना, १५२१च्या चर्चचा. आत सभामंडपाच्या भिंतींवर लाकडी फलकांवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. मातकट झगा, गाठींची दोरी, पाच जखमा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला संताचे नाव कोणाला विचारावे लागत नाही.

फ्लॉरेन्सला परत जाऊ. सांता क्रोचे चर्चमध्ये बार्दी या सावकार घराण्याचे खासगी प्रार्थनाघर आहे. इंग्लंडच्या राजाला कर्ज देण्याइतके हे लोक मोठे होते. पुढे १३४०च्या दशकात त्यांची पेढी बुडाली. त्यांच्यासाठी जॉत्तोने १३२०च्या आसपास फ्रान्सिसचे प्रसंग रंगवले. इथला फ्रान्सिस बिनदाढीचा, भरल्या अंगाचा, सभ्य आहे. लुचियानो बेल्लोझी या अभ्यासकाने या दाढीवर एक लेखच लिहिला आहे. मृत्यूच्या प्रसंगात बंधू त्याचे हातपाय चुंबतात, एक उमराव गुडघे टेकून कुशीतल्या जखमेत बोट घालून खात्री करून घेतो. दुःख इतक्या संयमाने दाखवलेले चित्र त्या शतकात दुसरे क्वचितच सापडेल. अठराव्या शतकात या भिंतींना चुना फासला गेला. मृत्यूच्या प्रसंगावर कोणाचे तरी स्मारक चिकटवले गेले. एकोणिसाव्या शतकात चुना खरवडला तेव्हा स्मारकाच्या जागी रंग उरलेला नव्हता. ती रिकामी जागा अजून तशीच आहे.

आणि वर सांगितलेला वीस प्रसंगांचा तो जुना फलक पुढे याच प्रार्थनाघरात आणून ठेवला गेला. आज तो इथल्याच वेदीवर आहे. तिन्ही बाजूंना जॉत्तो, मधोमध अनामिक चित्रकाराचा सोनेरी फलक. येणारा प्रवासी भिंतींकडे पाहतो, कारण मार्गदर्शक भिंतींविषयीच बोलत असतो. फलकावरची चित्रे लहान आहेत आणि लांबून नीट दिसत नाहीत. कुष्ठरोग्यांची चौकट शोधायची तर जवळ जाऊन नजर खाली न्यावी लागते.